मास्तरांचा चोरखिसा

मास्तरांनी पहिल्यांदा स्वतःच्या पोटाला सुई लावायचं ठरवलं, तेव्हा आधी खडूने खूण केली. वास्तविक एवढीशी गोष्ट. पण पुढे त्या घरात डब्यांना कुलपं लागली, मेहुणे बिस्किटं खाऊन खाऊन सुटले आणि एका सभ्य माणसाची भर दुकानात झडती घेण्यात आली. हे सगळं त्या खडूच्या ठिपक्यातून निघालं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. लांबलचक कटिंगचं टेबल, खिडकीशी मशीन, कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची जागा आणि तिथे एक उभा आरसा, ज्यात गिऱ्हाईक असतं त्यापेक्षा जरा बारीक दिसतं. (आरसा मुद्दाम तसा आणलेला नाही, असं मास्तर म्हणतात.) पँट शिवण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. तुम्ही दुकानात थोडा वेळ बसला असतात, तर हे त्यांनी स्वतःच तुम्हाला सांगितलं असतं.

डायबेटिस त्यांना बऱ्याच वर्षांचा. गोळ्या चालू होत्या, पण गोळ्यांचं काही चालेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन सुरू केलं. या बाई वयाने मास्तरांच्या मुलीएवढ्या, पण नजर अशी की समोरच्याने न विचारता खरं बोलून टाकावं. त्यांनी पेनासारखं दिसणारं इंजेक्शन मास्तरांच्या हातात दिलं, पोटाला कसं टोचायचं ते दाखवलं, आणि रोज जागा बदलत राहा, कधी इकडे, कधी तिकडे, कधी मांडीला, असं बजावलं. त्या दवाखान्यात सुई बघून भले भले धट्टेकट्टे लोक घाम पुसतात. मास्तर नुसते गालातल्या गालात हसले. ज्याचा जन्म सुईवर गेला त्याला सुई शिकवायची म्हणजे कमालच झाली.

घरी आल्यावर ते आरशासमोर उभे राहिले, शर्ट वर केला, बेंबीपासून डावीकडे टेप लावली आणि नेमक्या जागी खडूचा ठिपका काढला. मग टोचलं. पहिल्या दिवशी दुखलं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच ठिपक्यावर. तिसऱ्या दिवशीही तिथेच. ठिपका आंघोळीत पुसला गेला की ते नव्याने टेप लावून काढायचे. बायकोने, म्हणजे काकूंनी (गिऱ्हाइकं त्यांना काकू म्हणतात, म्हणून आपणही म्हणू), एकदा विचारलंही, की डॉक्टरीणबाई जागा बदलायला सांगत होत्या ना? त्यावर मास्तर म्हणाले की ते नवशिक्यांसाठी असतं. शिलाई एकदा रेघेवर धरली की रेघ सोडायची नाही. जागा बदलत बसणाऱ्याने रफूचं काम करावं, पँटच्या नादी लागू नये.

आणि गंमत अशी, की थोड्याच महिन्यांत त्यांना टोचल्याचं कळेनासं झालं. सुई आत जायची आणि बाहेर यायची, आणि मास्तर त्या वेळात गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारू शकायचे. हे आपल्या हाताचं कसब आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. समोरचा बेकरीवाला, जो स्वतःही इन्सुलिनवर होता आणि रोज सकाळी देवाचं नाव घेऊन टोचून घ्यायचा, त्याला मास्तर म्हणायचे, "अरे, एकदा येऊन माझा हात बघ."

हाताचं कसब असं चढत गेलं आणि शुगरही त्याबरोबर चढत गेली. तीन महिन्यांची सरासरी काढतात ती तपासणी झाली, आकडा वर. डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला. पुन्हा तपासणी, पुन्हा वर. पुन्हा डोस वाढवला. मास्तरांची पँटही त्याच सुमाराला डाव्या कमरेला टोचू लागली. शिंप्याला पँट टोचली तर तो काय करतो? पँट उसवतो. मास्तरांनी डाव्या बाजूने शिलाई थोडी सैल केली. काही दिवसांनी आणखी थोडी. हल्ली कापड एका बाजूने आटतं, गिरण्यांचं काही खरं राहिलं नाही, असं मत त्यांनी बनवलं आणि ते चारचौघांत मांडूही लागले.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण याच सुमाराला मास्तरांना दिसेनासं झालं. आधी सुईचं भोक हरवलं, मग टेपवरचे आकडे पुसट झाले, मग काळ्या कापडावरची काळी शिलाई दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक तर चांगलाच पिकलाय. ऑपरेशन सोपं आहे, पण एवढ्या शुगरवर मी डोळ्याला हात लावणार नाही. जखम भरायला वेळ लागेल, काही झालं तर असलेली नजरही जाईल. आधी शुगर खाली आणा, मग या.

मास्तर त्या दिवशी दुकानात आले आणि मशीनवर नुसते बसून राहिले. शिंप्याचे डोळे म्हणजे त्याचं दुकान. ते गेले तर उरतो तो आरसा आणि पडदा. दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठल्या उठल्या काकू बऱ्याच सुया काढून बसू लागल्या आणि पांढऱ्या, काळ्या, करड्या दोऱ्यांनी ओवून सुयांच्या छोट्या गादीला टोचून ठेवू लागल्या, म्हणजे दिवसभर मास्तरांना कोणापुढे सुई धरायला नको. मास्तर त्या सुया वापरत, हाताच्या अंदाजाने शिवत, आणि थँक्यू म्हणायचं रोज राहून जाई. (नवरा-बायकोत असलं काही म्हणायचं नसतं, अशी त्यांची समजूत. ही समजूत बहुतेक नवऱ्यांनी मिळून करून घेतलेली आहे.)

आता प्रश्न असा, की शुगर खाली का येत नाही? यावर ज्याच्या त्याच्याकडे उत्तर होतं. बेकरीवाला म्हणाला, झोप कमी पडते. औषधांच्या दुकानातला म्हणाला, चालणं नाही. शेजारीण म्हणाली, शुगर तपासताना हात धुतले नसतील, बोटाला फळाचा रस असला की आकडा वर जातो. आणखी कोणी कुठल्याशा पाल्याचा कडूजहर रस आणून दिला. मास्तर लवकर झोपले, पहाटे चालले, हात सर्जनसारखे घासून धुतले, रस नाक दाबून प्याले. आकडा जागचा हलला नाही.

मग काकूंनी निष्कर्ष काढला. माणूस चोरून गोड खातो आहे.

हा निष्कर्ष अगदीच हवेतला नव्हता. मास्तर एकेकाळचे नामांकित गोडखाऊ. लग्नानंतर पहिल्या महिन्यातच काकूंनी त्यांना जॅमच्या बाटलीत बोट घालताना पकडलं होतं, आणि तेव्हापासून जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही यावर त्यांचा विश्वास बसला होता तो कायमचा. पण दुर्दैव बघा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते वाक्य उच्चारल्यापासून मास्तरांनी साखरेचा कण जिभेवर ठेवला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस निर्दोष होता, आणि नेमका तेव्हाच त्याच्यावर खटला भरला गेला.

आधी साखरेच्या डब्याला कुलूप लागलं. मग बिस्किटांच्या, मग कपाटालाच. चहात साखर नव्हतीच, पण काकू चहाचा कप देताना शेजारी उभ्या राहून शेवटचा घोट बघू लागल्या. मास्तरांनी शपथा घेतल्या. काकू म्हणाल्या, शपथेने शुगर उतरत असती तर दवाखाने बंद पडले असते. तरीही आकडा उतरेना, तेव्हा त्यांनी धाकट्या भावाला बोलावून घेतलं.

हे मेहुणे नुकतेच रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. नोकरी संपली होती, नजर संपली नव्हती. समोरच्या माणसाने खिशात हात घातला की हा तिकीट काढतोय की काढण्याचं नाटक करतोय, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. त्यांच्यावर दोन कामं सोपवली गेली. एक म्हणजे मास्तरांवर डोळ्यात तेल घालून पहारा. दुसरं, घरात जे काही गोड पडून आहे त्याची विल्हेवाट. टाकून द्यायला काकूंचा जीव होईना, तेव्हा मेहुण्यांनी ते सगळं खाऊन टाकायचं पत्करलं. कर्तव्यात कसूर करणारा तो माणूसच नव्हता.

त्या दिवसापासून मेहुणे दुकानात स्टुलावर पेपर घेऊन बसू लागले. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात पुराव्याचं बिस्कीट. येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे ते असे बघत, की एक-दोघांनी न विचारता पिशवी उघडून दाखवली. मास्तर संध्याकाळी फिरायला निघाले की मेहुणे थोडं अंतर ठेवून मागे. एकदा मास्तरांना धुरकट दिसत असल्यामुळे आपल्या मागावर कोणी भामटा आहे असं वाटलं, आणि ते तीन गल्ल्या जवळजवळ पळाले. मेहुणेही पळाले. घरी आल्यावर दोघे धापा टाकत एकाच वेळी दारात शिरले, तेव्हा काकूंनी विचारलं की बेकरीत गेले होते का. मेहुणे म्हणाले, गेले नाहीत, पण पळाले म्हणजे काहीतरी आहे.

मास्तर चिडले, रुसले, एक दिवस तर जेवलेही नाहीत. (त्यामुळे संशय आणखी वाढला. बाहेर काहीतरी खाल्ल्याशिवाय माणूस घरी उपाशी कसा राहील?) चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरच नव्हता, नुसतीच फाशी होती. पुढच्या तपासणीची तारीख जवळ येत होती. या खेपेलाही आकडा वर निघाला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा नंबर पुन्हा पुढे जाणार होता, आणि पिकलेला मोतीबिंदू काही नंबरसाठी थांबत नाही.

झडतीचा प्रसंग घडला तो एका सकाळी. दुकानात लायब्ररीवाले साहेब आले होते. हे गृहस्थ सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करतात आणि त्या सवयीने सगळीकडेच हळू बोलतात. त्यांना दाखवायला मास्तरांनी वरच्या फळीवरचं करडं कापड काढायचं ठरवलं. टाचा उंचावल्या, हात वर केला, शर्ट वर गेला, आणि डाव्या कमरेला पँटच्या पट्ट्याच्या वर एक चांगला गुबगुबीत फुगवटा मेहुण्यांना दिसला.

मेहुण्यांनी पेपर खाली ठेवला. बिस्कीटही ठेवलं, यावरून गांभीर्य लक्षात घ्यावं. मास्तर प्रवासाला जाणाऱ्या गिऱ्हाइकांना पँटच्या आतून चोरखिसे शिवून देण्यात प्रसिद्ध होते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी शांतपणे बहिणीला हाक मारली.

"दाजी," ते म्हणाले, "डावीकडे काय आहे?"

"कुठे डावीकडे?"

"कमरेला. चोरखिशात."

"माझ्या पँटला चोरखिसा नाही."

"बिनतिकिटाचा प्रवासी पण हेच म्हणतो. म्हणतो, मी बसलोच नाही गाडीत."

तोवर काकू आतून आल्या होत्या. एवढ्या महिन्यांची मेहनत, कुलपं, भावाचा पाहुणचार, सगळं आज फळाला आलं होतं. त्यांनी सरळ शर्टावरून तो फुगवटा मुठीत धरला. हाताला मऊ लागला, ताज्या बनासारखा. त्यांनी नवऱ्याला फर्मावलं, की बन आहे का केक आहे, जे आहे ते स्वतःच्या हाताने बाहेर काढा, शेजारपाजारच्या लोकांसमोर आणखी शोभा नको. लायब्ररीवाले साहेब सभ्यपणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"अगं, ते माझं पोट आहे," मास्तर म्हणाले.

"पोट एकाच बाजूला असतं?"

"माझं आहे."

काकूंनी तो बन बाहेर ओढायचा म्हणून करकचून चिमटा काढला. आणि मास्तर तसेच उभे. हूं नाही की चूं नाही. हातात करडं कापड, चेहऱ्यावर अपमान, पण दुखल्याची खूण नाही. काकूंनी आणखी जोरात चिमटा काढला आणि विचारलं, दुखत नाही का? मास्तर म्हणाले, नाही, कशाला दुखेल? काकूंनी शर्ट वर केला. आत चोरखिसा नव्हता, बन नव्हता. मास्तरांच्याच कातडीखाली मुठीएवढी गाठ होती.

काकूंच्या पाचावर धारण बसली. आपण महिनोन्महिने या माणसाच्या खिशांत हात घालत होतो, डबे मोजत होतो, आणि याच्या अंगात गाठ वाढत होती, तिकडे आपण ढुंकूनही पाहिलं नाही, या विचाराने त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मास्तरांनी पोटावर हात फिरवला आणि पहिल्यांदाच त्यांना कळलं, की कापड आटलेलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात, तो यांच्या कमरेला होता, आणि हे गिरण्यांना शिव्या देत गावभर वळसे घालत होते. लायब्ररीवाल्या साहेबांनीच हळू आवाजात सुचवलं, की दवाखाना उघडा असेल.

दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात काकूंनी मास्तरांचा हात सोडला नाही. एरवी त्या चार पावलं पुढे चालतात. मेहुणे मागून येत होते, मान खाली घालून. मास्तर आतून घाबरले होते, पण बायकोच्या हाताची पकड त्यांना बरी वाटत होती, हेही खरं.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना टेबलावर झोपवलं, गाठ सगळ्या बाजूंनी दाबून पाहिली. मग त्यांना त्या गाठीच्या बरोबर मधोमध एक पांढरा ठिपका दिसला.

"काका, हे काय?"

"खडू आहे."

"पोटावर खडू कशाला?"

"खूण नको का? नाहीतर सुई इकडेतिकडे जाईल."

"म्हणजे तुम्ही रोज इथेच टोचता?"

"इथेच म्हणजे इथेच," मास्तर पडल्या पडल्या अभिमानाने म्हणाले. "सुरुवातीपासून धाग्याचा फरक नाही. आता तर मला कळतसुद्धा नाही."

डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या. थोडा वेळ त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मग काकूंना सांगितलं की आधी डोळे पुसा, घाबरायचं काही नाही, ही वाईट गाठ नाही. रोज एकाच जागी इन्सुलिन टोचलं की तिथली चरबी अशी फुगते. कोटाच्या खांद्यात पॅड घालतात ना, तसा काकांनी पोटात पॅड तयार केलाय. त्या पॅडमध्ये संवेदना राहत नाही, म्हणून दुखत नाही. आणि औषध तिथेच मुरत बसतं, रक्तात हवं तसं पोचतच नाही. म्हणून शुगर उतरत नव्हती, आणि मी आपली डोस वाढवत बसले होते.

"मग गोड?" काकूंनी विचारलं. "यांनी गोड नाही खाल्लं?"

"यांच्या गोडाचा यात काही संबंध दिसत नाही मला. चूक माझीही आहे. इतक्या वेळा आकडे बघितले, पण एकदाही शर्ट वर करायला सांगितलं नाही."

काकू नवऱ्याकडे बघू शकल्या नाहीत. मास्तर मात्र छताकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडात मारल्यासारखं झालं होतं. आपलं कसब कसब म्हणून ज्याची मिजास केली, ते कसब म्हणजे एक पॅड निघालं. एवढं महागाचं औषध त्यांनी इतके महिने इमानेइतबारे एका पॅडला पाजलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी डोस लगेच खाली आणला. आता औषध चांगल्या कातडीतून नीट लागू पडेल, जुन्याच डोसने शुगर एकदम खाली जाईल आणि चक्कर येऊन पडाल, म्हणून काही दिवस घरी वरचेवर तपासायचं आणि मला कळवायचं, असं त्यांनी ठणकावलं. गाठीला हात लावायचा नाही, ती हळूहळू ओसरेल. हे चालू असताना मेहुणे कोपऱ्यातल्या माठातून पाणी पीत होते. एक पेला, दुसरा, तिसरा. डॉक्टरीणबाईंची नजर तिकडे गेली. त्यांनी मेहुण्यांना बोलावलं, बोटाला सुई टोचली, मशीनवरचा आकडा बघितला आणि मास्तरांना म्हणाल्या, "काका, जरा सरका. यांनाही बसू द्या." आकडा मास्तरांच्या वर होता. तपासनीस स्वतःच बिनतिकिटाचा सापडला होता. (पथ्याने आणि चालण्याने त्यांचं पुढे बरं झालं, तेव्हा काळजी नको. हल्ली दोघे मिळून फिरायला जातात आणि कोणी कोणाच्या मागे पळत नाही.)

त्या संध्याकाळी काकूंनी सगळी कुलपं काढली. माफीबिफी त्यांनी मागितली नाही, नुसती कुलपं पिशवीत भरत राहिल्या. मास्तरांनी पिशवी हातातून घेतली. गेल्या कित्येक महिन्यांचा राग त्यांनी मनात जपून ठेवला होता, तो काढायची वेळ आली होती. पण दवाखान्यापर्यंत धरलेला तो हात त्यांच्या मनातून जात नव्हता. या बाईने आपल्यावर खटला भरला खरा, पण तो आपल्या डोळ्यांसाठी भरला. सगळी दुनिया नुसती उपाय सांगून मोकळी झाली, हिने कुलपं विकत आणली, भाऊ आणून बसवला, आणि चोर ठरवलेल्या नवऱ्यासाठी रोज सकाळी सुयाही ओवल्या.

"तू होतीस म्हणून सापडलं," मास्तर म्हणाले. "मी तर पँट उसवत बसलो असतो." आणि मग, घसा खाकरून, त्यांनी ते थँक्यूही म्हणून टाकलं. काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला, शुगर खाली तर गेली नाही ना म्हणून.

पुढचं काम मास्तरांनी शिंप्याच्याच पद्धतीने केलं. मोठ्या कागदावर त्यांनी स्वतःच्या पोटाचा पॅटर्न कापला, हो, अगदी कोटाचा कापतात तसा, आणि त्याला एकमेकांपासून लांबलांब भोकं पाडली. गाठीची जागा वगळून. तो कागद रोज पोटावर धरायचा आणि आज या भोकातून, उद्या त्या. काकू उजेडात उभ्या राहून भोक दाखवत आणि मास्तर टोचून घेत. नव्या जागी पहिल्यांदा सुई गेली तेव्हा ते असे ओरडले, की समोरून बेकरीवाला धावत आला. त्याने मास्तरांचा हात एकदाचा बघितला, आणि परत जाताना तो फार खूश दिसला.

पण शुगर उतरली. आधी थोडी, मग चांगलीच. तपासणीचा कागद डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला. जास्त पिकलेल्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं, दुसऱ्याचं नंतर करायचं ठरलं. पट्टी निघाली तेव्हा मास्तरांसमोर काकू उभ्या होत्या. मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. केस केव्हा एवढे पांढरे झाले, कोण जाणे. बोटांची टोकं सुया ओवून ओवून टोचलेली. हे सगळं बघायला मिळालं याबद्दल त्यांनी मनातल्या मनात डॉक्टरांचे, डॉक्टरीणबाईंचे, मेहुण्यांचे, झाडून सगळ्यांचे आभार मानले. मोठ्याने म्हणाले ते एवढंच, की तू चांगली दिसतेस.

दुकान पुन्हा उघडलं त्या सकाळी मास्तरांचा रुबाब काय विचारता. स्वतः सुई ओवली. स्वतः टेप वाचली. तेवढ्यात लायब्ररीवाले साहेब नवं कापड घेऊन आले. मास्तरांनी नव्या डोळ्याने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं आणि त्यांची नजर साहेबांच्या पँटवर खिळली. एक पाय बुटावर लोळत होता, दुसरा घोट्याच्या वर लटकत होता. मागचे खिसे एकमेकांशी भांडण झाल्यासारखे, एक इकडे वर, एक तिकडे खाली. इस्त्रीची घडी मांडीवर सुरू होऊन गुडघ्याच्या बाजूने कुठे तरी निघून गेली होती.

"साहेब, राग मानू नका," मास्तर म्हणाले, "पण ही पँट कोणी शिवली? असल्या माणसाला कात्री देणं म्हणजे माकडाच्या हातात कोलीत."

साहेबांनी काकूंकडे बघितलं. काकू एकदम इस्त्री तापली का ते बघू लागल्या.

"सांगा की. ओळखीचा असला तर कान उपटतो त्याचा."

"ओळखीचा आहे," साहेब नेहमीपेक्षाही हळू म्हणाले. "तुम्हीच."

मास्तर मशीनवर बसले. मग साहेबांनी सगळं सांगितलं. काकूंनी गल्लीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला परस्पर गाठून विनवलं होतं, की शिलाई कशीही येवो, मास्तरांना बोलायचं नाही. बोललात की त्यांना टेन्शन, टेन्शनने शुगर वाढणार, आणि शुगर वाढली की ऑपरेशन लांबणार. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, की मास्तरांना दिसायला लागेपर्यंत जे मिळेल ते घालायचं. पैसे देताना वर 'झकास' म्हणायचं, हेही ठरलेलं होतं.

मास्तर उठून दारात गेले आणि त्यांनी नव्या डोळ्याने रस्ता बघितला. बेकरीवाला शटर उघडत होता, त्याचा डावा पाय आखूड. औषधांच्या दुकानातला एका हाताने कंबर सावरत गिऱ्हाइकाला गोळ्या देत होता. कोपऱ्यावरचे दोन म्हातारे, सायकलवरचा पेपरवाला, बँकेत निघालेला तरुण कारकून, सगळी गल्ली तिरकी, तोकडी, ढगळ, आणि सगळे मास्तरांकडे बघून हात करत होते. आपल्यासाठी एवढी माणसं इतके दिवस हसू सोसत हिंडली होती. आपण फार फार नशीबवान आहोत, एवढंच मास्तरांना वाटत राहिलं.

ते आत आले, बाही डोळ्यांवरून फिरवली आणि कात्री उचलली.

"सगळ्यांच्या पँट उसवून पुन्हा शिवतो. एक पैसा घेणार नाही. आधी तुमची. द्या, आत्ताच काढून द्या."

लायब्ररीवाले साहेब एक पाऊल मागे सरले. दोन्ही हातांनी त्यांनी पट्टा घट्ट धरला.

"मास्तर," ते अतिशय अदबीने म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन गेल्यावर दिली तर चालेल का?"